एरंडीचं तेल लावलेल्या कॅसेटी

माझ्या रागाची ख्याती माहेरी हिंगणघाटला होती, सासरी नाचणगावात आहे, आणि सावंगीला ज्या लॅबमध्ये मी काम करते तिथं नव्या आलेल्या पोरींना पहिल्याच दिवशी कोणीतरी कानात सांगतं, त्या मॅडमच्या टेबलावरचं काही उचलू नको बाई. राग येतो तसा जातो. पण मधल्या वेळात तोंडातून जे निघतं ते काही परत आत जात नाही. असाच एक शब्द अकरा वर्षांपूर्वी मी सासूबाईंना बोलले, आणि तो परत घ्यायचा राहून गेला. एका चुलीचं खातो, एका अंगणात वावरतो, दवाखान्यात त्यांना मीच नेते, पण तो शब्द आमच्या मधे पडलेला तो पडलेलाच. आणि तो निघाला कशावरून, तर व्हिडिओ गेमच्या कॅसेटींवरून. हसा खुशाल.

होय, मी व्हिडिओ गेम जमवते. बायका साड्या जमवतात, पितळी भांडी जमवतात, त्यांना कोणी काही विचारत नाही. मला मात्र प्रत्येक जण विचारतो, आणि विचारताना गालातल्या गालात हसतो. माझ्याकडच्या गेम म्हणजे टीव्हीला जोडायच्या जुन्या, तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या कॅसेटी. कोणी पिवळी, कोणी निळी, वर रंगीत चिठ्ठी, आणि एकाच कॅसेटमध्ये लाखभर गेम असल्याची थाप त्या चिठ्ठीवर छापलेली. लावून बघितलं की चारच निघायच्या, त्याच फिरून फिरून. तरी पोरं प्रत्येक वेळी फसायची आणि मीही फसायचे.

बाबांचं हिंगणघाटला पंखे, रेडिओ, मिक्सर यांचं दुकान होतं. टीव्हीवरच्या गेम आल्या तेव्हा त्यांनी कॅसेटी लावायचे दोन डबे आणि थोड्या कॅसेटी आणून उन्हाळ्याच्या सुट्टीत दिवसाच्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. घरच्यांनी वेड्यात काढलं. पण पोरांची अशी झुंबड उडाली की बाबांना कॅसेटी वाढवाव्या लागल्या. प्रत्येक कॅसेटला आईनं मांजरपाटाची पिशवी शिवली होती. कॅसेट पिशवीतून जायची, पिशवीतूनच परत यायची, आणि आली की काउंटरवर माझ्यासमोर ठेवली जायची. साफ करायचं काम माझं.

हिंगणघाटचं ते एक होतं. जिनिंग सुरू झाल्या की हवेत कापसाची बारीक रुई उडायची, ती पंख्यावर बसायची, पापणीवर बसायची आणि कॅसेटच्या तोंडात जाऊन बसायची. आतल्या सोनेरी पट्ट्यांवर ती जमली की पडद्यावर नुसते रंगीत चौकोन यायचे. मग पोरं काय करणार? कॅसेट काढायची, फू करून फुंकायची, परत लावायची. बाबा दुकानातून ओरडायचे, "फुंकू नका रे पोट्टेहो! थुंकी जाते आतमधे, गंजते ते!" कोण ऐकतंय? दुकानाच्या ओट्यावर दिवसभर फू फू चालू. मी चारही स्क्रू काढून हिरवी पट्टी बाहेर घ्यायचे, सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर हलक्या हातानं फिरवायचे, स्पिरिटचा बोळा लावायचे, वाळू द्यायचे. बाबा हातात घेऊन उजेडात धरायचे आणि काही न बोलता पिशवीत घालायचे. ते काही बोलले नाहीत म्हणजे काम चांगलं झालं, असा हिशोब. पोरगी असून स्क्रूड्रायव्हर हातात देणारा त्या गल्लीत तो एकच बाप होता, आणि त्याचं मला अजूनही अप्रूप आहे.

पुढे कॉम्प्युटर आले, मोबाइल आले, ओटा रिकामा झाला. बाबांनी कॅसेटी भंगारात दिल्या नाहीत. माझ्या लग्नाच्या सामानात पत्र्याची पेटी भरून त्याच दिल्या. "तुझ्याच हातच्या साफ केलेल्या आहेत, तूच ने." नंतर नागपूरच्या रविवारच्या बाजारात जाऊन जाऊन मी त्यात भर घातली. साठाच्या वर गेल्या.

नाचणगावात ही पेटी उतरली तेव्हा सासूबाईंनी एक कॅसेट उचलून उलटीपालटी करून पाहिली. "हे काय हाय वं?"

"खेळ आहे आई. पोरांचा." एवढं बोलून मी पेटी आतल्या खोलीत ढकलली. नवी नवरी, त्यात पाहुण्या बायकांनी भरलेलं घर, आणखी काय समजावून सांगणार? त्यांनीही परत विचारलं नाही.

आता सासूबाईंबद्दल सांगते. शेतकऱ्याच्या घरची बाई. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण धान्य राखावं तर त्यांनीच. चैत्र-वैशाखात आमचं अंगण म्हणजे नुसती वाळवणांची रांग लागलेली. गव्हाला ऊन दाखवायचं, तुरीच्या डाळीला एरंडीच्या तेलाचा हात लावायचा, अगदी दाण्याला दाणा चिकटणार नाही इतपतच. कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवायचा, कोठीत एक थर धान्याचा, एक थर पाल्याचा. गावातल्या बायका आपली डाळ घेऊन त्यांच्याकडे यायच्या, "काकू, तुमचाच हात लावा." त्यांच्या हातच्या डाळीला कीड लागलेली मी कधी पाहिली नाही. मी मायक्रोस्कोपखाली दिवस काढणारी बाई, माझं ह्यावर काही म्हणणं नव्हतं. उलट कौतुकच होतं. पण ते कौतुक मी कधी तोंडानं बोलून दाखवलं नाही, हे आता आठवतंय.

बाबा गेले ते मार्गशीर्षात. चहाचा कप हातात असताना गेले. दुकानाचं शटर खाली आलं ते आलंच. मी पंधरा दिवसांनी हिंगणघाटहून परत आले, ड्युटीवर रुजू झाले, आणि त्या हिवाळ्यात कोणाशी धड बोलले नाही. संध्याकाळी आले की पेटी उघडायची, एखादी कॅसेट हातात घ्यायची आणि बसायचं. खेळत नव्हते. नुसतं धरून बसायचं. सासूबाई दारातून पाहायच्या आणि निघून जायच्या.

चैत्रातल्या एका संध्याकाळी मी बसमधून उतरून घरी आले. अंगणात बाजेवर जुनं लुगडं अंथरलेलं होतं. त्यावर माझ्या कॅसेटी मांडलेल्या. तेलानं चकचकीत. शेजारी एरंडीच्या तेलाची वाटी, वाटीत कापडाची चिंधी, आणि सासूबाई मांडी घालून एक एक कॅसेट पुसताहेत. नुसतं वरून नाही हो, बोटाला चिंधी गुंडाळून तोंडाच्या आतपर्यंत तेल पोचवताहेत! वीसेक झाल्या होत्या. झालेल्या खोक्यात, मधे मधे कडुलिंबाचा पाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या पट्ट्यांना बाबा पोरांची फुंकर लागू देत नव्हते त्यांना एरंडीचं तेल! रागात माझी भाषा सरळ माहेरची होते.

"आई, हे काय तूर आहे का? समजते का काही तुम्हाले? सत्यानाश केला सगळ्याचा! अडाणी ते अडाणीच राहणार!"

नवरा नुकताच पुलगावहून आलेला, हेल्मेट हातात घेऊन फाटकातच उभा राहिला. शेजारच्या घरातली भांड्यांची आदळआपट थांबली. म्हणजे शेजारणीनंही ऐकलं. सासूबाईंनी हातातली कॅसेट हळूच बाजेवर ठेवली, चिंधी वाटीत ठेवली.

"बरं बाई," त्या म्हणाल्या. "नाई लावत हात."

तेल न लागलेल्या चाळीसेक कॅसेटी मी झडप घालून उचलल्या, पेटीत भरल्या, कीड-झुरळ लागू नये म्हणून दोन मुठी डांबरगोळ्या आत टाकल्या, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये. तेलवाल्या वीस मला बघवेनात. त्या गेल्याच असं धरून चाललेले. खोकं उचलून माळ्यावर टाकून दिलं.

आणि सासूबाईंनी शब्द पाळला. हात लावत नाही म्हटलं म्हणजे कॅसेटींनाच नाही, माझ्या कशालाच नाही. माझे कपडे दोरीवर वाळत असले आणि पावसाचे शिंतोडे आले तर त्या ओसरीतून हाक मारायच्या, "तुहे कपडे भिजून राह्यले वं!" पण उचलायच्या नाहीत. मी घरात नसले की भिजू द्यायच्या. माझ्या खोलीत यायचं झालं तर उंबऱ्याबाहेर थांबून विचारायच्या. स्वतःच्या घरात! त्यात रुसवा नव्हता, टोमणा नव्हता. जेवायला वाढताना तोच हात, तोच आग्रह. रुसल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. पण सांगितलेलं पाळणाऱ्या माणसाशी भांडणार कसं?

मग माफी का नाही मागितली, असं तुम्ही म्हणाल. आमच्याकडे ती पद्धतच नाही. चूक झाली की माणूस चहा करून पुढ्यात ठेवतो, समोरचा पितो, मिटलं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी आलं घालून चहा केला. त्यांनी तो प्यायला. पण मिटलं नव्हतं, हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही. तोंडानं बोलायला हवं होतं. दरवर्षी वाटायचं, यंदा बोलू. पोळ्याला बोलू, दिवाळीला बोलू. दर वर्षी जीभ जड होत गेली. आणि पेटीही मी उघडली नाही. पेटी उघडली की ती संध्याकाळ आठवायची. सुरक्षित आहे ना, मग झालं, असं स्वतःला सांगायचं आणि कामाला लागायचं.

ह्या उन्हाळ्यात आमच्याकडे शिकायला असलेली एक डॉक्टर मुलगी जेवणाच्या सुट्टीत सांगत होती, लहानपणी आम्ही टीव्हीवर रणगाड्यांची गेम खेळायचो, आता ती कुठेच पाहायला मिळत नाही. झालं! मला राहवतंय थोडंच?

"माझ्याकडे चाळीस आहेत," मी म्हटलं. "जशाच्या तशा. कुलपात."

"मॅम, खरंच? मग एकदा आणा ना!"

सगळ्या पोरी माझ्याकडे पाहायला लागल्या. कधी नव्हे ती मी त्यांच्या कौतुकाची झाले. आणते म्हटलं सोमवारी.

रविवारी दुपारी नवरा वावरात गेला होता. सासूबाई अंगणात कुरड्या राखत बसलेल्या. मी पेटी ओढली. कुलूप गंजलेलं, तेल घालून घालून उघडलं. झाकण वर केलं आणि डांबरगोळ्यांचा असा भपका आला की डोळ्यांत पाणीच आलं. वरच्या कॅसेटला हात घातला. ती उचलली तर तिच्यासोबत आणखी तीन वर आल्या. एकमेकींना चिकटलेल्या. प्लास्टिक मऊ पडून, सुटून, पुन्हा घट्ट झालेलं. चिठ्ठ्यांचे रंग ओघळून एकमेकींत मिसळलेले. गोळ्या पार विरून गेल्या होत्या, पण जिथं जिथं टेकल्या होत्या तिथं कॅसेटला खड्डे. खालच्या थरात तर एकच ढेप झालेली. आईनं शिवलेल्या दोन पिशव्या होत्या, त्या त्या ढेपेत रुतून बसलेल्या.

मी एक एक ओढून पाहिली. आतल्या हिरव्या पट्ट्यांवरही प्लास्टिक चढलेलं. चाळीसातली एक नाही वाचली.

कप्पाळ माझं! लॅबमध्ये बाटल्यांवरची लेबलं वाचून दाखवणारी मी, कशात काय विरघळतं हे नव्या पोरींना शिकवणारी मी. डांबरगोळीची वाफ असल्या प्लास्टिकला खाते, हे मला माहीत असायला नको? बंद पेटीत अकरा वर्षं! सासूबाईंना अडाणी म्हणणारी ही शहाणी. जमिनीवर बसून मी रडले. बाबांच्या दुकानातलं माझ्याकडे उरलेलं एवढंच होतं, आणि ते मी स्वतःच्या हातानं, कुलूप लावून मारलं.

मग माळ्यावरचं खोकं आठवलं. आशा नव्हती, पण माणूस बघतो. स्टूल लावलं, चढले, खोकं खाली आणलं. वर लुगड्याचा तुकडा नीट दुमडून झाकलेला. मी तर खोकं असंच फेकलं होतं. तुकडा बाजूला केला. कॅसेटी ओळीनं उभ्या, एकीला एक न टेकता, आणि मधे मधे कडुलिंबाचा पाला. पाला चुरून पाहिला. कुरकुरीत, फिकट हिरवा, वासही तोच कडू. अकरा वर्षांचा पाला असा राहील का? त्याचा भुगा झाला असता. हा यंदाच्या चैत्रातला पाला होता.

मला फक्त विचारायचं होतं. खरंच सांगते, रागाचा लवलेश नव्हता. पण माझ्या घशातून जे निघतं ते तसंच निघतं.

"आई! ह्या खोक्याला कोणी हात लावला?"

अंगणात भांडं पडल्याचा आवाज झाला. सासूबाई दारात आल्या आणि उंबऱ्याबाहेर थांबल्या. पदराला हात पुसत होत्या, कोरडेच हात, तरी पुसत होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई, आणि चेहरा असा की जणू एखाद्या पोरीला चोरी करताना पकडलं आहे.

"म्या लावला," त्या म्हणाल्या. "रागावू नको बाई. आता नाई लावत."

मी हातातल्या पाल्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं मी आणखी चिडले, म्हणून त्या घाईघाईनं सांगत सुटल्या. "तू ड्युटीवर गेली का काढो मी. वर्षातून एक डाव. दुसरं कायलेच हात नाई लावला तुह्या, देवाशपथ. सकाळचं ऊन दाखवो, पाला बदलो, अन् तू यायच्या आधी ठेवून देओ. तेल नाई लावलं मंग. तू नाई म्हटलं होतं न, तवापासून नाई लावलं."

"दरवर्षी?"

"दरवर्षी. नाई त सडते न ते. ठेवून देल्लं अन् पाह्यलंच नाई, त कोणतीबी वस्तू सडते."

"पण काऊन, आई? मी एवढं बोलले तुम्हाले..."

 त्या उंबऱ्यावर हात टेकून खाली बसल्या, बाहेरच्याच बाजूला.

"तुहा बाप गेला न त्या वर्षी. तू त्या कॅसेटी घेऊन बसो, जेवाची नाई, बोलाची नाई. म्या म्हटलं, इच्या बापाचं हेच राह्यलं आता. मले दुसरं काय येते? जे येते ते केलं. मंग माळ्यावर टाकलं तू, त मले लय वाईट वाटलं. गेलेल्या माणसाचं टाकून कसं देवाव?"

त्या चैत्रात अंगणात बाजेवर बसून ही बाई माझ्या बापाचं सुतक पाळत होती, आपल्या पद्धतीनं. आणि मी तिला शेजारणीच्या देखत काय बोलले! लाज वाटली. इतकी की मान वर करवेना. आणि लाजेपेक्षाही भयंकर एक गोष्ट समजली. अकरा वर्षं ती स्वतःच्या घरात, स्वतःच्या माळ्यावर चोरून चढत होती. माझ्या भीतीनं. दुखऱ्या गुडघ्यांनी स्टूलवर चढायची, बस यायच्या आधी उतरायची. पडली असती तर मला कळलंही नसतं का पडली ते.

आता बोल, मी स्वतःला म्हटलं. आता नाही बोललीस तर जीभ झडू दे. "आई, त्या दिवशी मी जे म्हटलं ना..."

"अडाणी म्हटलं," त्या म्हणाल्या. विसरल्या नव्हत्या तर. "त्यात खोटं काय हाय? अडाणीच त आहो मी. तुले राग आला, तू खरं बोलली."

झालं.  माफी मागायला गेले तर त्यांनी तो शब्द आपलाच म्हणून घरात ठेवून घेतलेला! आता तो परत मागायचा कसा?  मला सुचेनासं झालं की मी हाताला काम लावते. मी स्क्रूड्रायव्हर आणला, स्पिरिटची बाटली आणली, कापूस आणला आणि पहिली कॅसेट उघडली.

पट्ट्यांवर तेलाचा जुना, मधासारखा चिकट थर होता. पण एरंडीचं तेल स्पिरिटमध्ये विरघळतं, हे मात्र मला माहीत होतं. बोळा फिरवला तसा तो पिवळा होऊन निघत गेला, आणि खालून पट्ट्या अशा निघाल्या की मी बघतच राहिले. गंज नाही, काळेपणा नाही. पावसाळ्यांची दमट हवा त्या तेलाखाली पोचलीच नव्हती. मी असं कोणाला करायला सांगणार नाही. तेल कचरा धरतं, उन्हानं प्लास्टिक पिवळं पडतं, आणि ह्या सगळ्या कॅसेटी एका बाजूनं पिवळ्या पडल्याच होत्या. पण जिवंत होत्या. माझ्या चाळीस मेल्या, त्यांच्या वीस जगल्या.

"या आत," मी म्हटलं. "बाहेर काऊन बसता?"

"येऊ का?"

"या ना, आई."

त्या आल्या आणि पलंगाच्या कोपऱ्यावर बसल्या, अंग चोरून. नागपूरच्या बाजारातून आणलेला गेमचा डबा कपाटातून काढून मी टीव्हीच्या मागे वायरी जोडत होते तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "एक इचारू का? इतके साल राखलं म्या, पण ह्याच्यात हाय तरी काय? कोणी दाखवलंच नाई मले."

लग्न होऊन आले त्या दिवशी ह्या बाईनं मला तेच विचारलं होतं, आणि मी 'पोरांचा खेळ' म्हणून पेटी आत ढकलली होती. मी म्हटलं, "थांबा. आता दाखवते."

रणगाड्यांची कॅसेट लावली. एकदा रंगीत चौकोन आले. माझं तोंड आपोआप फुंकायला पुढे झालं, बाबांची शपथ, लहानपणचं अंगातलं जातं कुठं! ओठ मिटून घेतले, कॅसेट काढून नीट बसवली. आणि ते टुणटुण संगीत वाजलं. सासूबाई दचकल्या, मग हसल्या. किती वर्षांनी त्या माझ्या खोलीत हसल्या असतील.

एक रिमोट त्यांच्या हातात दिला. "हा पिवळा रणगाडा माझा, हिरवा तुमचा. वरून शत्रूचे येतात. खाली मधोमध विटांच्या आत आपलं ठाणं आहे, ते फुटलं की खेळ संपला. ह्या बटणानं गोळी."

"म्हणजे हे मधातलं राखाचं," त्या म्हणाल्या. "बस एवढंच न?"

"एवढंच."

मी माझ्या स्वभावाप्रमाणे सुटले. वर, डावीकडे, दिसेल त्याच्या अंगावर धडाधड. आणि माझ्या स्वभावाप्रमाणेच मेले. दोनदा. सासूबाईंचा हिरवा रणगाडा ठाण्याच्या बाजूला उभा. हलायचं नाव नाही. पण कोणी जवळ आला की गोळी. मला वाटलं त्यांना पुढे नेता येत नाही.

"आई, हे बाणाचं बटण दाबा, पुढे जाता येतं."

"येते मले," त्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "मी कायले जाऊ? तू ये जाऊन, तुले जिकडं जायचं तिकडं. मी आहो न इथं."

माझा रिमोट मांडीवर पडला. पिवळा रणगाडा पडद्याच्या मधोमध थांबला. जे अकरा वर्षांत चहा देऊन जमलं नाही, पोळ्याला नाही, दिवाळीला नाही, ते तिथं, त्या टुणटुणाटात, सरळ तोंडातून निघालं.

"आई, तुम्ही अडाणी नाही. ते खोटं होतं. मी खोटं बोलले, अन् चुकीचं बोलले. मले माफ करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डोळे भरले होते, मला दिसत होतं, पण पुसायला हात मोकळे नव्हते. दोन्ही अंगठे बटणांवर घट्ट दाबलेले.

"केलं," त्या म्हणाल्या. "आता समोर पाह्य. तुह्या मांगून एक येऊन राह्यला."